पत्ता छापताना शेपूट तोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी डिचोलीत बस स्टँडच्या मागच्या बाजूला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान चालवतो. आधी तिथे सायबर कॅफे होता, चार केबिन, ताशी वीस रुपये, मग सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले नि केबिन मोडून मी लॅमिनेशनचं मशीन ठेवलं. तुमचा पेपर दुकानात रोज येतो, बाहेरच्या बाकड्यावरचे तिघेचौघे आधी वाचतात आणि मग तो माझ्या हाती लागतो, त्यामुळे तक्रार उशिरा आली असेल तर समजून घ्या. पत्र लांबलंय हे पण माहीत आहे, कापायचं तर कापा, पण त्यातले पत्ते कापू नका कारण सगळं भांडणच त्याचं आहे.

गेल्या महिन्यात एका सरकारी योजनेचे अर्ज सुरू झाल्याची बातमी आतल्या पानावर चौकटीत आली होती, शेवटी 'अर्ज या संकेतस्थळावर भरावेत' असं लिहून पत्ता दिलेला. नाव बरोबर होतं. शेपूट चुकलं. खरा पत्ता डॉट जीओव्ही डॉट इन असा संपतो आणि छापून आलं डॉट कॉम.

साळची एक मावशी ते कात्रण चार घड्या घालून पाकिटातून घेऊन आली. भाच्याने तिच्या मोबाइलवर तो पत्ता जसाच्या तसा टाकला होता, साइट उघडली, वर अशोकस्तंभ, तिरंगी पट्टी, खाली फॉर्म, सगळं कसं नीटनेटकं, आणि शेवटच्या पानावर 'प्रोसेसिंग फी' ३४९ रुपये. भरले त्यांनी, यूपीआयने. पावती काही येईना म्हणून माझ्याकडे आली. मी तिला म्हटलं मावशी ही सरकारची साइट नव्हे, ह्या फॉर्मला एक पैसा लागत नाही, तर ती माझ्याकडे बघून म्हणते, "पेपरार आयलां न्हय रे बाबा, पेपरार फट कित्याक मारतले?" पेपरवाले खोटं कशाला लिहितील, असं तिचं म्हणणं, आता ह्यावर मी काय बोलणार. १९३० वर फोन लावून तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला, पैसे काही अजून आलेले नाहीत.

वार्ताहराने मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही. डॉट कॉम आपल्या सगळ्यांच्या बोटांत बसलंय, हात आपोआप तिकडे जातो. पण फोटोखालचं एखाद्याचं आडनाव चुकलं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र छापता, इथे तेही नाही, म्हणजे हे चुकलं असं तिथे कुणाला वाटलंच नसावं. म्हणून हे शेपूट म्हणजे काय ते जरा पोटतिडकीने लिहितो.

सुर्ला गावं दोन आहेत, एक आमच्या डिचोली तालुक्यात आणि एक सत्तरीत चोर्ला घाटाच्या बाजूला. पाकिटावर नुसतं सुर्ला लिहिलंत तर पोस्टमन बिचारा कुठे जाणार. म्हणून आपण घर, वाडा, गाव, तालुका, राज्य असं लहानाकडून मोठ्याकडे लिहितो आणि पोस्टातला माणूस ते उलटं, खालून वर वाचतो. नेटचा पत्ता अगदी तसाच असतो. गोवा डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता कॉम्प्युटर उजवीकडून वाचायला घेतो, आधी विचारतो 'इन'वाला कोण, मग त्याला विचारतो तुझ्याकडचा 'जीओव्ही' कोण, आणि मग त्याला विचारतो की बाबा तुझ्याकडे 'गोवा' नावाचं काय आहे. आपण मात्र डावीकडून वाचतो, पहिले दोन शब्द ओळखीचे दिसले की झालं. ठकसेनांचं सगळं पोट ह्या एका सवयीवर चालतं. गोवा डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट टॉप असा पत्ता केला की पुढचं तोंड सरकारी आणि मालक तो 'अमुक', कारण ज्याने 'अमुक' विकत घेतलं तो त्याच्या डाव्या बाजूला वाट्टेल ते लिहू शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. व्हॉट्सॲपवर लांब पत्ता आला की आपण पुढचं तोंड बघूनच बोट ठेवतो. मी गिऱ्हाइकांना सांगतो की पहिली तिरकी रेघ शोधा, एचटीटीपीएसच्या पुढच्या दोन रेघा सोडून, आणि त्या रेघेपासून मागे वाचत या. रेघेच्या पुढे काय लिहिलंय त्याला काही अर्थ नाही, तिथे तर 'सरकारी-खरी-साइट' असं पण लिहिता येतं.

आणि ते पत्त्याच्या बाजूला दिसणारं कुलूप. अजून लोक मला सांगतात कुलूप होतं म्हणून पैसे भरले. अहो कुलूप म्हणजे मधल्या वाटेत तुमचं बोलणं कुणी ऐकत नाही एवढंच, पलीकडे कोण बसलाय ते कुलपाला काय माहीत. त्याचं सर्टिफिकेट आता फुकट मिळतं, चोराला पण मिळतं.

ही शेपटं आली कुठून ते थोडं सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथलाच आहे. पूर्वी नेटवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलमध्ये असायची, अमेरिकेत एका ठिकाणी ती सांभाळायचे आणि बाकीचे तिची कॉपी उतरवून घ्यायचे, आपल्या पंचायतीच्या मतदार यादीसारखं. ते आवरेना म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी हे टप्प्याटप्प्याने विचारत जायचं डीएनएस बसवलं, आणि १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी शेपटं ठरवली. धंद्याला कॉम, शिक्षणाला ईडीयू, सरकारला जीओव्ही, लष्कराला एमआयएल, आणि ह्यातल्या कशातच न बसणाऱ्यांना ओआरजी. डॉट नेट हे शेपूट पुढच्या वर्षी आलं. १५ मार्च १९८५ ला पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स नावाच्या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीचं. तेव्हा हे सगळं त्यांच्या घरातलंच होतं, त्यामुळे नुसतं डॉट जीओव्ही आणि नुसतं डॉट एमआयएल आजतागायत अमेरिकेचंच आहे आणि डॉट ईडीयू पण मुख्यतः तिकडच्या मान्यताप्राप्त कॉलेजांचं. आपलं सरकार म्हणजे डॉट जीओव्ही डॉट इन, शेवटचं इन खाल्लंत की तुम्ही वॉशिंग्टनला पोचलात.

एक अक्षर खाल्लं तर काय होतं ते अमेरिकेच्या लष्करालाच विचारा. त्यांचं शेपूट एमआयएल, आणि एमएल हे आफ्रिकेतल्या माली देशाचं. मधलं आय सुटून लष्कराची लाखो ईमेल वर्षानुवर्षं मालीच्या पत्त्यावर जात होती, २०२३ मध्ये त्याची मोठी बातमी झाली. जगातलं सगळ्यात श्रीमंत लष्कर जर शेपूट नीट टाइप करू शकत नसेल तर साळच्या मावशीला काय दोष द्यायचा. डॉट कॉममधला ओ सुटला की तुम्ही कॅमेरूनला जाता आणि सी सुटला की ओमानला, तीही दोन अक्षरी शेपटं खरीच आहेत.

दोन अक्षरी शेपूट म्हणजे देश, ही एक गोष्ट पक्की. कुठला भाग देश धरायचा ह्या वादात पोस्टेल पडलेच नाहीत, आयएसओ ३१६६ नावाची आंतरराष्ट्रीय यादी होती ती घेतली आणि मोकळे झाले, मला हा शहाणपणा फार आवडतो, आपल्याकडे असतं तर समिती बसली असती. तरी अपवाद झालेच, यादीत ब्रिटन जीबी आहे आणि ते वापरतात यूके, आणि सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये मोडलं तरी त्याचं डॉट एसयू अजून चालूच आहे.

आता ह्या दोन अक्षरांनी आमच्या घरात काय केलं ते सांगतो. माझा मांद्र्याचा मावसभाऊ, त्याचा दोन खोल्यांचा होमस्टे आहे. कुणीतरी त्याला सांगितलं की डॉट जीए फुकट मिळतं, आणि तो उड्या मारायला लागला, जीए म्हणजे आपलं गोवा, गाडीच्या नंबर प्लेटवर असतं तेच! घेतलं त्याने. मीच त्याला पान बनवून दिलं, हेही कबूल करतो, मला पण तेव्हा गंमत वाटली. कार्डं छापली, मेनूवर छापलं, रस्त्यावरच्या बोर्डावर पेंटरकडून पिवळ्या रंगात लिहून घेतलं. तर डॉट जीए हे गोव्याचं नव्हेच, आफ्रिकेतल्या गॅबॉन देशाचं आहे, आणि एक परदेशी कंपनी त्या देशाशी करार करून ती नावं फुकट वाटत होती. फुकट म्हटल्यावर कोण येणार, फसवणूकवाले झुंडीने आले, शेपूट बदनाम झालं, मग २०२३ मध्ये गॅबॉनने ते परत आपल्या ताब्यात घेतलं आणि फुकटची लाखो नावं एका फटक्यात पुसली. भावाचं नाव त्यातच गेलं. त्याला कळलं कधी, तर पुण्याचे पाहुणे रस्त्यावरून फोन करून विचारायला लागले की साइट उघडत नाही, होमस्टे बंद झाला का. आता बोर्डावर जीए पुसून वर इन लिहिलंय, पण खालचा पिवळा रंग अजून दिसतो, लांबून वाचलं तर वेगळंच काहीतरी वाटतं.

उलट काही बेटांची ह्या अक्षरांनी चांदी केली. टीव्हीवाले वापरतात ते डॉट टीव्ही तुवालू नावाच्या पॅसिफिकमधल्या बेटांचं. आणि सध्या जिकडेतिकडे दिसतं ते डॉट एआय, लोकांना वाटतं आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं, ते कॅरिबियनमधल्या अँग्विलाचं, लोकसंख्या साधारण आमच्या डिचोली शहराएवढी, आणि २०२३ मध्ये त्यांच्या सरकारच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा नुसता ह्या शेपटाच्या फीमधून आला. आमच्या पालिकेला असं काही सापडलं तर घरपट्टी माफ होईल.

आता मुद्द्याचं. डॉट इन म्हणजे सरकारी, हा समज गोव्यात एवढा पक्का आहे की शिकलेली माणसं माझ्याशी वाद घालतात. निवृत्त मास्तर आहेत एक, रोज बाकड्यावर असतात, ते म्हणाले "इन म्हणजे इंडिया, इंडिया म्हणजे सरकार, त्यात काय विचारायचं." अहो मास्तर, डॉट इन १९८९ पासून आहे, सुरुवातीला ते मिळायला त्रास होता हे खरं, पण २००५ मध्ये कारभार निक्सी ह्या संस्थेकडे आला आणि ते सगळ्या जगाला खुलं झालं. वर्षाला काही शे रुपये भरा, नाव तुमचं. को डॉट इन, ओआरजी डॉट इन, नेट डॉट इन, जेन डॉट इन, ही पण तशीच, विचारणारं कुणी नाही. नोकरभरतीच्या नावाखाली पोरांकडून फी उकळणाऱ्या साइट मी दुकानात बघतो त्यांना ओआरजी डॉट इन फार आवडतं, कारण पोरांना वाटतं ओआरजी म्हणजे ऑर्गनायझेशन, म्हणजे काहीतरी रजिस्टर झालेलं असणार. मुळात ओआरजी हे उरलेल्यांसाठीचं शेपूट होतं आणि आज ते कुणालाही मिळतं, सेवाभावी संस्थेला मिळतं तसं गल्लीतल्या लबाडाला पण मिळतं.

दारावर माणूस बसवलेली शेपटं फार थोडी. जीओव्ही डॉट इन एनआयसी ह्या सरकारच्याच कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या संस्थेकडून मिळतं, त्यासाठी खात्याच्या अधिकाऱ्याचं पत्र लागतं, म्हणून फॉर्म भरताना मी फक्त तेच शोधतो, आणि जुन्या काही सरकारी साइट एनआयसी डॉट इनवर आहेत त्या पण चालतात. एसी डॉट इन शिक्षणसंस्थांचं, अर्नेट ह्या सरकारी संस्थेकडून मिळतं, गोवा विद्यापीठाचा पत्ता बघा, युनिगोवा डॉट एसी डॉट इन. ॲडमिशनच्या सीझनला हे पोरांच्या आईबापांना सांगून सांगून माझा घसा बसतो, कारण विद्यापीठाच्या नावाची दुसरीच कुठलीतरी डॉट कॉम साइट सर्चमध्ये वर जाहिरात लावून बसलेली असते आणि फोन नंबर मागते, नंबर दिला की दोन महिने फोन.

तिसरं नवीन आहे आणि ह्याबद्दल तुमच्या पेपरात मोठं काही वाचल्याचं मला आठवत नाही, आलं असेल तर माफ करा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँक डॉट इन हे शेपूट फक्त बँकांसाठी आणलं, सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जायचं असा हुकूम काढला, आणि नाव द्यायचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी ह्या रिझर्व्ह बँकेच्याच संस्थेकडे ठेवलं, दुसऱ्या कुणाला देताच येत नाही. स्टेट बँक आता एसबीआय डॉट बँक डॉट इन. हे खरंच कामाचं झालं, कारण आता मी म्हाताऱ्या माणसाला एका वाक्यात सांगू शकतो की बँकेच्या पत्त्यात शेवटी बँक डॉट इन नसेल तर ओटीपी सोडा, नाव पण टाकू नका. फक्त मधला तो बिंदू बघायला सांगावं लागतं. अमुकबँक डॉट इन असं जोडून लिहिलेलं कुणीही विकत घेऊ शकतो, अमुक डॉट बँक डॉट इन घेऊ शकत नाही. बिंदूएवढा फरक, आणि तोच बिंदू पेपरात छपाईत उडतो.

सगळ्यात वाईट शेपूट कुठलं विचाराल तर मुदत संपलेलं. आमच्या भागातल्या एका भजनी मंडळाने हौसेने डॉट कॉम घेतलं होतं, चतुर्थीच्या स्मरणिकेवर छापलं, देवळाच्या बाहेर फ्लेक्सवर पण. ज्या पोराने घेतलं तो कामाला गल्फला गेला, रिन्यूची ईमेल त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली. मुदत संपल्यावर काही दिवस सवलत असते, मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, ते पण गेलं की ५ दिवसांनी नाव बाजारात. कुणीतरी टपून होतंच. आज तो पत्ता टाकला की रमी आणि सट्ट्याची जाहिरात येते, वर अभंगाचं नाव आणि खाली पत्ते पिसणारी बाई. नाव विकत मिळतं असं आपण म्हणतो पण ते खरं तर भाड्यानेच मिळतं, भाडं थकलं की सामान रस्त्यावर.

२०१२ पासून तर शेपटांचा बाजारच उठला. आयकॅन नावाची अमेरिकेतली संस्था हे सगळं बघते, तिने नवीन शेपटांसाठी अर्ज मागवले, फी १ लाख ८५ हजार डॉलर, तरी १,९३० अर्ज आले. योगायोग बघा, आपल्या सायबर हेल्पलाइनचा नंबर पण तोच! त्यातून हजाराच्या वर नवीन शेपटं आली, शॉप, ऑनलाइन, टॉप, एक्सवायझेड, लंडन, टोकियो, काय वाट्टेल ते. पहिल्या वर्षी नव्व्याण्णव रुपये आणि दुसऱ्या वर्षी बिल बघून घाम, असा बऱ्याच ठिकाणी हिशेब आहे, स्वस्तात नाव घेऊन महिन्याभरात पळायचं असेल त्याला हे सोयीचं. सगळीच वाईट असं म्हणणार नाही, चांगली माणसं पण वापरतात. बाकड्यावर एकाने विचारलं मग आपलं डॉट गोवा का नाही? मिळू शकतं, सरकारची संमती लागेल, पण नवीन फेरीत अर्जाचीच फी २ लाख २७ हजार डॉलर आहे, म्हणजे दोन कोटींच्या आसपास, आणि नंतर ते चालवायचा खर्च वेगळा. त्यापेक्षा आमच्या बस स्टँडवर संडास बांधा असं मास्तर म्हणाले आणि तिथे तो विषय संपला.

पोर्तुगालच्या कागदांसाठी धडपडणारे तर गोव्यात घरटी एक. त्यांनाही सांगतो, डॉट पीटी हे पोर्तुगालचं खरं, पण ते विकत घ्यायला पोर्तुगीज असावं लागत नाही, एजंट लोक पण घेतात. सरकारचं ते जीओव्ही डॉट पीटी. इंग्लंडला निघालेल्यांचं पण तेच, सरकारी सगळं जीओव्ही डॉट यूकेवर, व्हिसासाठी को डॉट यूकेवर कुणी फी मागत असेल तर तो मधला माणूस आहे, सरकार नव्हे.

आपल्या लिपीतलं शेपूट पण आहे, हे कितीजणांना माहीत आहे बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत डॉट भारत सुरू झालं, हिंदीसाठी, मराठीसाठी आणि आपल्या कोंकणीसाठी पण तेच. गोव्यात मराठी की कोंकणी ह्यावर १९८७च्या राजभाषा कायद्यापासून आपण भांडतोय, तिथे दोन्ही एकाच शेपटाखाली गुपचूप नांदतायत आणि दोन्हीकडच्यांनी ते वापरलेलं मला तरी दिसत नाही. मी एकदा हौसेने दुकानासाठी नाव घेतलं. उघडतं छान. पण तोच पत्ता एका फॉर्ममध्ये वेबसाइटच्या रकान्यात टाकला तर लाल अक्षरात 'चुकीचा पत्ता' म्हणाला. कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर भलतंच काहीतरी झालं, कारण आतून यंत्राला देवनागरी कळत नाही, भारतचं ते एक्सएन, दोन आडव्या रेघा आणि पुढे एच२बीआरजे९सी असं करून घेतं. गिऱ्हाईक विचारतं हा कसला व्हायरस.

त्यात आपल्या मराठीचा खास घोळ. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दोघांचा र वेगळा हे आपल्याला शाळेत शिकवलंय. पण तो दुसरा र टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, एक नुक्त्याचा ऱ घेऊन आणि एक मध्ये न दिसणारं जोडणारं अक्षर घालून, स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. डोळ्यांना दिसत नाही अशा फरकावर पत्ता अवलंबून असेल तर लोक टाळणारच. मी शेवटी ते नाव रिन्यू केलं नाही, वाईट वाटलं, पण नाही केलं.

तर आता मागणं. पत्ता रोमी अक्षरांत छापा. मी इथे देवनागरीत लिहिले ते समजावण्यापुरते, पण टाइप करायचा पत्ता तुम्ही 'जीओव्ही' किंवा 'गव्ह' असा छापलात की वाचणारा त्याचं पाचपन्नास प्रकारे स्पेलिंग करतो आणि त्यातलं एखादं कुणीतरी विकत घेऊन ठेवलेलं असतं. दुसरं, कॉलम अरुंद म्हणून ओळ संपते तिथे तुमचं मशीन पत्ता तोडतं आणि मध्ये आडवी रेघ घालतं. ती रेघ वाचणाऱ्याला पत्त्यातलीच वाटते, आणि रेघ असलेलं नाव आणि नसलेलं नाव ही दोन वेगळी घरं आहेत, मालक वेगळे. मावत नसेल तर टाइप लहान करा, नाहीतर पत्ता पुढच्या ओळीवर आख्खा न्या. वाक्याच्या शेवटी पत्ता आला की त्याला चिकटून जो पूर्णविराम देता तो बहुतेक वेळा चालून जातो, कारण गंमत म्हणजे खऱ्या नियमात सगळ्या पत्त्यांच्या शेवटी एक बिंदू असतोच, त्याला रूट म्हणतात, आपण तो लिहीत नाही एवढंच. तरी नकोच.

आणि प्रूफ बघणाऱ्याने तो पत्ता छापायच्या आधी एकदा मोबाइलवर टाकून बघावा. अर्धं मिनिट लागतं. 'संबंधित खात्याच्या संकेतस्थळाला भेट द्यावी' असं नुसतं मोघम तर अजिबात लिहू नका, त्याचा अर्थ लोक सर्च करतात, आणि सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात असते.

कळावे,
आपला एक वाचक,
डिचोली

ता. क. : ते कात्रण मावशीकडून मागून घेतलं आणि काउंटरच्या काचेखाली लावलंय, डॉट कॉमवर लाल पेनाने काट मारून बाजूला खरं शेपूट लिहिलंय. तुमचं शुद्धिपत्र आलं की ते पण शेजारी लावतो, तेवढी जागा मोकळी ठेवली आहे.